गाठीचे मूळ शोधणारे डॉक्टर खानोलकर

विंचूर-लासलगावच्या पट्ट्यातून मुंबईकडे जाणाऱ्या वाटा कांद्यासाठी प्रसिद्ध आहेत. याच वाटांनी आणखी एक वाहतूक गेली कित्येक दशके चालू आहे, तिची नोंद मात्र बाजार समितीच्या आवारात होत नाही. लासलगावला किंवा निफाडला पहाटे गाडीत बसायचे, दादरला उतरायचे आणि परळच्या टाटा हॉस्पिटलची वाट विचारायची. बरोबर एक मुलगा किंवा दीर, हातात भाकरीचे फडके आणि कापडी पिशवीत गुंडाळलेला छातीचा एक्स-रे. घरोघरी असे कोणी ना कोणी जाऊन आलेले असते.

यांतल्या काही बायका खोकल्यासाठी आलेल्या असतात. कित्येक महिने खोकला, धाप, एका कुशीवर झोपवत नाही, छातीत पाणी झाले म्हणून एकदोनदा सुईने काढलेले. आपल्याकडे छातीत पाणी म्हटले की क्षय, हे समीकरण डॉक्टरांपासून घरच्यांपर्यंत सगळ्यांच्या डोक्यात पक्के बसलेले आहे, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असते. म्हणून क्षयाच्या गोळ्या सुरू होतात. खोकला हटत नाही. शेवटी परळला पोचल्यावर तिथला डॉक्टर छातीला नळी लावण्याआधी विचारतो, पाळी गेल्यानंतर कधी अंगावर गेले होते का? बाई गोंधळते. दुखणे छातीत आणि विचारणे भलतीकडचे! पण त्या प्रश्नात वैद्यकातले एक मोठे शहाणपण आहे. गाठ जिथे सापडली तिथलीच असेल असे धरून चालायचे नाही, ती मूळची कुठली ते आधी शोधायचे. भारतात कर्करोगाच्या बाबतीत ही शिस्त ज्यांनी लावली त्यांत पहिले नाव घ्यावे लागते ते डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे.

खानोलकर म्हटले की मराठी वाचकाला आरती प्रभू आठवतात, आणि ते योग्यच आहे. वेंगुर्ल्याजवळच्या खानोली गावाचे नाव आडनावात घेऊन फिरणारा हा दुसरा माणूस मात्र आपल्या विस्मरणात गेला. ज्यांना देशातील कर्करोग संशोधनाचे जनक म्हटले जाते त्यांच्याविषयी मराठीत फारसे लिहिले गेले नाही. कारण उघड आहे. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरला रोगी जन्मभर विसरत नाही. पॅथॉलॉजिस्टचे तोंडसुद्धा रोग्याला दिसत नाही. तो तळघरात नाहीतर मागच्या इमारतीत सूक्ष्मदर्शकावर वाकून बसलेला असतो, आणि त्याच्या एका ओळीच्या अहवालावर पुढचे सगळे ठरते.

खानोलकरांचा जन्म १३ एप्रिल १८९५ चा. वैद्यकाचे उच्च शिक्षण त्यांनी लंडन विद्यापीठात घेतले आणि १९२३ साली तिथली विकृतिशास्त्रातली एम. डी. मिळवली. त्या काळी इंग्लंडहून मोठी पदवी घेऊन येणारा हुशार डॉक्टर गिरगावात किंवा फोर्टात दवाखाना थाटत असे आणि दहा वर्षांत बंगला बांधत असे. खानोलकरांनी मास्तरकी पत्करली. आधी ग्रँट मेडिकल कॉलेजात आणि नंतर परळच्या सेठ गोरधनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात त्यांनी विकृतिशास्त्र शिकवले. हे दुसरे कॉलेज आणि त्याला जोडलेले के. ई. एम. रुग्णालय १९२६ साली सुरू झाले. मुंबईच्या गिरणगावाच्या मधोमध उभ्या असलेल्या या रुग्णालयात देशावरून, कोकणातून, उत्तरेतून आलेले कामकरी येत. विकृतिशास्त्राच्या अध्यापकाला इतक्या तऱ्हेची माणसे आणि इतक्या तऱ्हेचे रोग एका छपराखाली क्वचितच मिळतात.

थोड्याच वर्षांत त्याच परळमध्ये, रस्त्यापलीकडे, दुसरी इमारत उभी राहू लागली. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या आणि पुढच्याच वर्षी दोराबजीही गेले. त्यांच्या मागे राहिलेल्या विश्वस्तनिधीतून टाटा मेमोरियल हॉस्पिटल बांधले गेले आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी ते उघडले. प्रयोगशाळा आणि संशोधन यांची सूत्रे खानोलकरांकडे आली. तेव्हा ते सेहेचाळिशीत होते. महायुद्ध चालू होते आणि परदेशाहून उपकरण मागवणे दुरापास्त होते. त्याहून मोठी अडचण म्हणजे हिंदुस्थानात कर्करोग फारसा नाहीच, तो युरोपातल्या सुखवस्तू माणसांचा रोग आहे, अशी समजूत चांगल्या शिकलेल्या डॉक्टरांतही होती.

त्या समजुतीला उत्तर द्यायचे तर मोजावे लागणार होते. खानोलकरांनी मोजायला सुरुवात केली. १९४४ साली त्यांनी मुंबईतल्या तोंडाच्या कर्करोगाच्या ओळीने आलेल्या १००० रोग्यांचा आढावा अमेरिकेतल्या कर्करोगविषयक नियतकालिकात छापला. एका शहरातून एक हजार तोंडे! पुढच्याच वर्षी सूर्याबाई यांच्याबरोबर लिहिलेल्या निबंधात त्यांनी भारतीय सवयींतून होणाऱ्या कर्करोगाचे नवे प्रकार मांडले. ओठ आणि हिरडीच्या मध्ये चुना-तंबाखू धरून ठेवणाऱ्यांना नेमका तिथेच होणारा खैनीचा कर्करोग त्यात होता. कंबरेला धोतर वर्षानुवर्षे घट्ट कसल्याने तिथली कातडी काळवंडते, चिरते आणि शेवटी त्या जागी कर्करोग होतो, तो धोतराचा कर्करोगही त्यात होता. पुढे साडीच्या खालच्या परकराच्या नाडीनेही हेच होते असे आढळले. अगदी अलीकडे, २०२४ मध्ये, वर्ध्याच्या डॉक्टरांनीही अशा रोगी स्त्रियांची हकीकत परदेशी नियतकालिकात नोंदली. ऐंशी वर्षे झाली, नाडी काही सैल झाली नाही.

या कामातली खानोलकरांची दृष्टी पाहण्यासारखी आहे. सूक्ष्मदर्शकाखाली सगळ्या माणसांच्या पेशी सारख्याच दिसतात. धोतर कसणारा मराठी शेतकरी आणि लंडनचा कारकून यांच्या कातडीच्या कर्करोगात काचपट्टीवर फरक करता येत नाही. फरक असतो तो माणसाच्या जगण्यात. म्हणून काचपट्टीवरून नजर उचलून हा माणूस काय खातो, काय नेसतो, केव्हा लग्न करतो, असे विचारणे त्यांना आवश्यक वाटले. आजच्या भाषेत याला रोगपरिस्थितीविज्ञान म्हणतात. तेव्हा अनेकांना तो निव्वळ चौकसपणा वाटला असेल.

स्त्रियांच्या कर्करोगाकडे ते वळले तेव्हा हाच चौकसपणा कामी आला. टाटा रुग्णालयात येणाऱ्या हिंदू स्त्रियांत गर्भाशयमुखाचा कर्करोग फार होता. गर्भाशयमुख म्हणजे पिशवीचे तोंड, जिथे तपासणीच्या वेळी डॉक्टरला सहज पाहता येते ती जागा. पारशी आणि मुसलमान स्त्रियांत त्याचे प्रमाण बरेच कमी होते. उलट स्तनाचा कर्करोग पारशी स्त्रियांत जास्त. एकाच शहरात, एकच पाणी पिणाऱ्या, एकाच रुग्णालयात येणाऱ्या स्त्रियांत एवढा फरक का असावा? ज्यू आणि मुसलमान समाजांत सुंता होते म्हणून त्यांच्या स्त्रिया या रोगापासून वाचतात, असा एक तर्क पाश्चात्त्य वैद्यकात तेव्हा लोकप्रिय होता. मुंबईच्या आकड्यांनी त्याला अडचण उभी केली. पारशी समाजात सुंता नाही, आणि तरीही त्यांच्या स्त्रियांत हा रोग कमी. मग लहान वयातले लग्न, लवकर आणि पुष्कळ बाळंतपणे, न्हाणीघराचा आणि पाण्याचा अभाव, अशा कारणांकडे बोट दाखवले जाऊ लागले.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. रुग्णालयात आलेल्यांची मोजणी म्हणजे समाजाची मोजणी नव्हे. परळपासून हाकेच्या अंतरावर राहणारी, शिकलेली पारशी बाई स्तनात बारीक गाठ लागली तरी डॉक्टरकडे जाई. विंचूरसारख्या गावातली बाई अंगावर जाणे वर्षभर सोसून, लाजेने कोणाला न सांगता, शेवटी उठवेनाशी झाली की मुंबईला आणली जाई. जी आलीच नाही ती कोणत्याच रकान्यात नाही. दुसरे असे की, आकडे एकदा जातिधर्माच्या रकान्यांत पडले की त्यांवरून माणसांच्या चालीरीतींवर शेरे मारण्याचा मोह होतो आणि तो मोह सगळ्यांनाच आवरला असे नाही. पूर्ण शहराची नोंद ठेवण्याचे काम १९६३ साली मुंबईत सुरू झालेल्या कर्करोग नोंदणीने केले. ती भारतातली पहिली. तिच्यामागे डॉ. जसावाला आणि इंडियन कॅन्सर सोसायटी होती. या शास्त्रशुद्ध मोजणीतही पारशी आणि इतर स्त्रियांमधला फरक टिकला. म्हणजे अपुऱ्या साधनांनी पाहिलेली ती गोष्ट खरी होती.

आता त्या छातीकडे वळू.

गर्भाशयमुखाचा कर्करोग सहसा लांबचा प्रवास करीत नाही. तो शेजाऱ्यांना खातो. आजूबाजूला पसरत तो मूत्रपिंडाकडून येणाऱ्या नळ्या दाबून टाकतो, लघवी कोंडते, मूत्रपिंडे निकामी होतात, आणि बाई बहुधा यानेच किंवा रक्तस्रावाने जाते. छातीपर्यंत जाणे ही त्याची नेहमीची चाल नव्हे. पण तो जातो तेव्हा त्याचे मार्ग ठरलेले असतात, आणि विकृतिशास्त्राचा अध्यापक शवविच्छेदनाच्या टेबलाशी विद्यार्थ्यांना हे मार्गच शिकवीत असतो.

पहिला मार्ग लसिकेचा. रक्तवाहिन्यांखेरीज शरीरात पाण्यासारखा द्रव वाहून नेणाऱ्या बारीक वाहिन्यांचे जाळे असते आणि त्यावर नाक्यासारख्या ग्रंथी असतात. ओटीपोटातल्या ग्रंथी भरल्या की रोग पाठीच्या कण्याजवळून, मोठ्या रोहिणीच्या कडेकडेने, वरच्या ग्रंथींत चढतो. पुढे ही सगळी लसिका एका नळीत येते. ती छातीतून वर जाते आणि मानेच्या डाव्या बाजूला मोठ्या शिरेत उघडते. म्हणून पोटातल्या कर्करोगाची पहिली खूण कधी कधी डाव्या गळपट्टीच्या हाडावर लागणारी टणक गाठ असते. फिर्खो या जर्मन पंडिताचे नाव तिला दिले गेले आहे. बाईला ती दागिना घालताना लागते. तिला कोण सांगणार की ही गाठ खालून, पिशवीतून, हातभर चढून आलेली आहे?

शिरेत पडलेल्या पेशी उजव्या हृदयातून थेट फुप्फुसात जातात, कारण शरीरातून परतणाऱ्या रक्ताला लागणारी पहिली गाळणी फुप्फुस हीच आहे. तिथे त्या अडकतात. कधी त्यांच्या गोल गोल गाठी होतात आणि एक्स-रेवर त्या तोफेच्या गोळ्यांसारख्या दिसतात. कधी गाठ दिसतच नाही. फुप्फुसातल्या लसिकेचे बारीक जाळेच पेशींनी तुंबते. एक्स-रेवर नुसते धुके आणि रेघा दिसतात, आणि बाई मात्र चार पावले चालली की धापा टाकते. हा प्रकार क्षयासारखा दिसतो आणि ज्या मुलखात क्षय घरोघरी आहे तिथे त्याला क्षयच समजले जाते. अंडाशयाचा कर्करोग आणखी निराळ्या रीतीने जातो. त्याच्याने पोटात पाणी भरते आणि ते श्वासपटलातून वर छातीत, बहुधा उजव्या बाजूला, झिरपते.

छातीतून काढलेले ते पाणी बाटलीत भरून पॅथॉलॉजिस्टकडे जाते, आणि तिथे निवाडा होतो. क्षयाच्या पाण्यात एक तऱ्हेच्या पेशी, कर्करोगाच्या पाण्यात दुसऱ्या. खानोलकरांच्या काळी हा निवाडा नुसत्या डोळ्यांनी आणि साध्या रंगांनी करावा लागे. पेशीचा आकार, तिच्या केंद्राचा काळेपणा, पेशी कशा चिकटून बसल्या आहेत, एवढ्यावर सांगायचे की हे फुप्फुसाचे की पिशवीचे. आज तीच गाठ सुईने घेऊन तिच्यातली विशिष्ट प्रथिने रंगवता येतात, विषाणूचा माग काढता येतो आणि छातीतल्या पेशीचे मूळ गाव बऱ्याच खात्रीने सांगता येते. तेव्हाचे लोक किती थोड्या साधनांवर किती सांगत, याचे आश्चर्य वाटल्यावाचून राहत नाही.

छातीत पोचलेली स्त्रीरोगाची प्रत्येक गोष्ट मरणाचीच असते असेही नाही, आणि हे मुद्दाम सांगावेसे वाटते. १९३७ साली बोस्टनच्या मेग्ज यांनी अशा स्त्रियांचे वर्णन केले की ज्यांच्या पोटात आणि छातीत पाणी भरलेले होते. कर्करोग छातीत गेला असे मानून कोणीही आशा सोडली असती. प्रत्यक्षात अंडाशयावर एक साधी, निरुपद्रवी गाठ होती. ती काढल्यावर पाणी आपोआप आटले आणि बाया बऱ्या झाल्या. मूळ न शोधता निकाल दिला असता तर त्या जिवानिशी गेल्या असत्या.

दुसरा प्रकार अधिक नाट्यमय आहे. गर्भ नीट न वाढता वारेच्या जागी द्राक्षांच्या घडासारखे फुगे वाढतात, त्याला आपल्याकडे द्राक्षगर्भ म्हणतात. निफाड तालुक्यातल्या माणसाला या शब्दाची फोड करून सांगायला नको. तो काढल्यानंतर, किंवा एखाद्या वेळी साध्या बाळंतपणानंतरही, वारेच्या पेशींचा कर्करोग होतो, आणि तो पहिल्याने धावतो फुप्फुसाकडे. बाईला खोकल्यातून रक्त येते, एक्स-रेवर गोळेच गोळे दिसतात, आणि लघवीची तपासणी ती गरोदर असल्याचे सांगते. हा रोग बहुतेक वेळा जीव घेत असे. १९५६ साली अमेरिकेत बेथेस्डा इथे ली, हर्ट्झ आणि स्पेन्सर यांनी मेथोट्रेक्सेट या औषधाने या स्त्रियांच्या छातीतल्या गाठी विरून गेल्याचे जाहीर केले. सबंध शरीरात पसरलेला गाठीचा कर्करोग नुसत्या औषधाने बरा होण्याची ही पहिलीच वेळ. आज हा रोग वेळेत ओळखला तर बहुतेक स्त्रिया बऱ्या होतात आणि पुढे त्यांना मुलेही होतात. ओळखला तर, हे महत्त्वाचे. छातीवरचे डाग पाहून क्षयाचे औषध देत बसले तर नाही.

खानोलकरांकडे परत येऊ. १९५२ साली केंद्र सरकारने मुंबईत इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर स्थापन केले आणि खानोलकर त्याचे पहिले संचालक झाले. परळच्याच आवारात ही संस्था वाढली. तिथल्या शास्त्रज्ञांत पुण्याच्या कमल रणदिवे होत्या. हुजूरपागेत आणि फर्ग्युसनमध्ये शिकलेल्या या बाईंनी १९४९ साली मुंबई विद्यापीठाची पीएच. डी. खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली घेतली. त्या काळात लग्न झालेल्या, घरसंसार असलेल्या स्त्रीला विद्यार्थिनी म्हणून घेणे, नंतर अमेरिकेला जायला प्रोत्साहन देणे आणि परत आल्यावर स्वतंत्र प्रयोगशाळा उभारू देणे, हे वाटते तितके सोपे नव्हते. चांगला गुरू कोणता, याचा पुरावा त्याच्या निबंधांपेक्षा अशा ठिकाणी अधिक मिळतो.

रणदिवे बाई अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉप्किन्समध्ये जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत काम करून आल्या. हे नाव वैद्यकाच्या इतिहासात एका बाईमुळे अमर झाले आहे. हेन्रिएटा लॅक्स ही पाच मुलांची गरीब कृष्णवर्णीय आई १९५१ साली गर्भाशयमुखाच्या गाठीसाठी त्या रुग्णालयात आली. तिच्या गाठीचा तुकडा, तिला न विचारता, गे यांच्या प्रयोगशाळेत गेला आणि बाटलीत वाढू लागला. तोवर माणसाच्या पेशी शरीराबाहेर थोडे दिवस तगून मरत. या मेल्या नाहीत. हेला या नावाने त्या आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत आहेत. हेन्रिएटा स्वतः त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला ३१ व्या वर्षी गेली. शवविच्छेदनात रोग सर्व शरीरभर पसरलेला दिसला. इतक्या झपाट्याने, इतक्या दूर का, याचे उत्तर पुढे मिळाले. तिचे मूळचे निदान काहीसे चुकले होते. तिचा कर्करोग नेहमीच्या खवल्यांसारख्या पेशींचा नसून ग्रंथींच्या पेशींचा होता, हे १९७१ साली जुन्या काचपट्ट्या पुन्हा तपासताना लक्षात आले. गाठ काचपट्टीवर जपून ठेवावी, वीस वर्षांनीही ती बोलते, हे प्रत्येक पॅथॉलॉजिस्ट विद्यार्थ्यांना सांगतो ते उगीच नाही.

त्याच सुमारास, २६ जुलै १९५२ रोजी, अर्जेंटिनाच्या अध्यक्षांची लोकप्रिय पत्नी एव्हा पेरॉन हिचे वयाच्या ३३ व्या वर्षी याच रोगाने निधन झाले. तिच्याही फुप्फुसांत रोग गेला होता. न्यूयॉर्कहून आणलेल्या शल्यविशारदाने तिची शस्त्रक्रिया केली, पण तिला भूल दिल्यावर तो खोलीत आला आणि ती शुद्धीवर येण्याआधी निघून गेला. तिला रोगाचे नाव शेवटपर्यंत सांगितले नाही असे तिचे चरित्रकार लिहितात. राजवाड्यातली गोष्ट आणि आपल्या वाड्या-वस्तीवरची गोष्ट इथे एकच होते. आईला सांगू नका, तिला सोसणार नाही, असे म्हणून डॉक्टरच्या खोलीबाहेर उभ्या राहणाऱ्या मुलांची रांग परळला आजही दिसते. सोसणार कोणाला नसते, हा प्रश्न वेगळा.

खानोलकरांचे बाकीचे काम थोडक्यात सांगतो, ते कमी मोलाचे आहे म्हणून नव्हे. कुष्ठरोगाच्या अगदी सुरुवातीच्या चट्ट्यांत नेमके काय घडते, हा त्यांचा जन्मभराचा दुसरा विषय. त्यांच्या संस्थेत कुष्ठरोग्याच्या गाठीतून वाढवलेल्या जंतूला संस्थेचेच नाव मिळाले आणि त्यावरून पुढे लशीचे प्रयोग झाले. एल. डी. संघवी यांच्याबरोबर त्यांनी मुंबईतल्या सहा समाजांच्या रक्तगटांचा अभ्यास १९४९ साली लंडनच्या नियतकालिकात छापला. संघवी आणि राव यांच्याबरोबर तंबाखू आणि घशा-तोंडाचा कर्करोग यांचा संबंध १९५५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडला. सिगारेटवरून इंग्लंड-अमेरिकेत वाद पेटलेला होता त्याच काळातले हे काम आहे. त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण मिळाले. १९६० ते १९६३ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. कुलगुरूची खुर्ची मिळालेला शास्त्रज्ञ शास्त्राला मुकतो असा आपला अनुभव आहे. खानोलकरांनी मात्र तोवर आपली माणसे तयार करून ठेवली होती, त्यामुळे परळचे काम थांबले नाही. १९६६ साली रुग्णालय आणि संशोधन संस्था एकत्र होऊन टाटा मेमोरियल सेंटर झाले. संशोधन विभाग पुढे खारघरला गेला, आणि तिथल्या संशोधनाच्या इमारतीला खानोलकर शोधिका असे नाव आहे.

२९ ऑक्टोबर १९७८ रोजी ते गेले. ज्या कोड्याशी त्यांनी तीस वर्षांपूर्वी झुंज घेतली होती त्याची किल्ली त्यानंतर पाच वर्षांनी सापडली. १९८३ साली जर्मनीत हाराल्ड त्सुर हाउझेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगात मस्से उठवणाऱ्या विषाणूच्या कुळातला एक प्रकार, सोळा क्रमांकाचा, शोधून काढला. पाठोपाठ अठरा क्रमांकाचा सापडला आणि तोच हेन्रिएटा लॅक्सच्या पेशींतही निघाला. त्सुर हाउझेन यांना २००८ चे नोबेल मिळाले. लहान वयातले लग्न, पुष्कळ बाळंतपणे, न्हाणीघर नसणे ही सगळी जुनी कारणे आता या विषाणूच्या संदर्भात वाचावी लागतात. ती चुकीची ठरली नाहीत. विषाणूला वाट करून देणाऱ्या किंवा त्याला शरीरात टिकू देणाऱ्या परिस्थितीची ती वर्णने होती. आणि दोष बाईच्या समाजात शोधण्याचे प्रयोजनही त्याबरोबर संपले. हा विषाणू बहुधा पुरुषाकडून येतो, तो धर्म विचारीत नाही.

विषाणू लागल्यापासून कर्करोग होईपर्यंत दहा-पंधरा वर्षे जातात. एवढा वेळ देणारे रोग थोडे आहेत. याचा उपयोग कसा करावा हे महाराष्ट्रानेच जगाला दाखवले, ही गोष्ट आपल्याला पुरेशी ठाऊक नाही. बार्शीला १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिच्या आधारावर तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांवर केलेला अभ्यास २००९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. आयुष्यात एकदाच या विषाणूची तपासणी केलेल्या स्त्रियांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू आठ वर्षांत सुमारे निम्म्यावर आले. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा रुग्णालयाने १,५१,५३८ स्त्रियांवर केलेल्या दुसऱ्या अभ्यासात तर दहावी-बारावी शिकलेल्या कार्यकर्त्या मुली होत्या आणि साधन म्हणजे चार टक्क्यांचे ॲसेटिक ॲसिड, लोणच्यात घालतो तसले सिरका. ते कापसाने लावायचे आणि मुखावर पांढरा डाग उठतो का ते बघायचे. मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची या विषाणूवरची लस २०२३ पासून बाजारात आहे.

तरीही २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार त्या एका वर्षात भारतात सुमारे १,२७,००० स्त्रियांना हा रोग झाला आणि सुमारे ८०,००० त्याने गेल्या. तीस वर्षांपुढच्या प्रत्येक बाईची पाच वर्षांतून एकदा ही तपासणी व्हावी असे सरकारी धोरण आहे, आणि ती आरोग्य केंद्रात फुकट करायची आहे. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांना विचारले की अशी तपासणी कधी झाली आहे का. हो म्हणणाऱ्या देशभरात शंभरात दोघीसुद्धा भरल्या नाहीत.